आधी पहिलीचा वर्ग बघा

२०२५ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्राला पहिलीतल्या लेकराची आठवण झाली. १६ एप्रिलच्या शासन निर्णयाने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा आणली. १७ जूनला शब्द फिरवून पाहिले. लोक ऐकेनात. २९ जूनला सरकारने दोन्ही निर्णय मागे घेतले आणि डॉ. नरेंद्र जाधवांची समिती नेमली. ५ जुलैला वरळीत दोन ठाकरे एका मंचावर आले. सहा वर्षांच्या मुलाला तीन भाषा कशा झेपतील, हा प्रश्न शिक्षणतज्ज्ञांनी विचारला, लेखकांनी विचारला, कधी शाळेची पायरी न चढलेल्या पुढाऱ्यांनीसुद्धा विचारला. प्रश्न बरोबरच होता. विरोधाच्या निवेदनावर माझीही सही आहे.

पण त्याच एप्रिलच्या निर्णयातली एक गोष्ट कुणी मोठ्याने वाचली नाही. मराठी आणि इंग्रजी सोडून इतर माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून तीन भाषा आधीच चालू आहेत, असं त्यात म्हटलं होतं. उर्दू शाळेतल्या पोराला माध्यम म्हणून उर्दू, राज्याची भाषा म्हणून मराठी, आणि २००० सालापासून राज्यभर पहिलीत आलेली इंग्रजी. म्हणजे जे ओझं इतरांच्या मुलांसाठी असह्य म्हणून राज्य रस्त्यावर आलं, ते आपल्या मुलांच्या दप्तरात आधीपासून होतं. त्यावर ना अग्रलेख आला, ना मोर्चा निघाला. इतरांचं सोडा. आपल्यातल्या कुठल्या जमातीने, कुठल्या तंजीमने, कुठल्या युवा संघटनेने तो मुद्दा उचलला? मला तरी एकही दिसली नाही. आपण त्या दिवसांत मराठी की हिंदी या वादात कोणत्या बाजूला उभं राहायचं याचा हिशेब करत होतो.

हिशेब पूर्ण करायचा तर नीट करू. परभणीतल्या उर्दू शाळेतलं पहिलीचं पोर घरी काय बोलतं? कागदावर त्याची मातृभाषा उर्दू. जनगणनेतही तेच. प्रत्यक्षात ते दखनी बोलतं. मेरेकू, तेरेकू, हौ, नक्को. त्यात मराठी शब्दांची भर घालून. पाठ्यपुस्तकातली उर्दू त्याला टीव्हीवरच्या शायरासारखी लांबची वाटते. दुपारी मकतबात अरबी. मोजा: दखनी, उर्दू, मराठी, इंग्रजी, अरबी. लिप्याही मोजा: देवनागरी आणि रोमन डावीकडून उजवीकडे, उर्दूची नस्तालीक आणि कुरआनचा नस्ख उजवीकडून डावीकडे. आणि गंमत म्हणजे उर्दूच्या ओळीत मध्येच आकडा आला की तो पुन्हा डावीकडून उजवीकडे. वय वर्षं सहा.

मी डी.एड. झालेली आहे. परभणी शहरातल्या एका मोहल्ल्यात संध्याकाळी पोरांना वाचायला बसवते. त्यातली काही उर्दू शाळेतली, काही जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतली, काही 'इंग्लिश स्कूल' अशी पाटी असलेल्या दोन खोल्यांतली. तिन्हीकडची पोरं एकाच चटईवर बसली की जे दिसतं, त्यावरून हा लेख लिहिते आहे.

मराठी शाळेतलं घ्या. भिंतीवर अक्षरांचा तक्ता असतो. सशाचं चित्र, खाली 'स'. पोरगी चित्र बघते आणि म्हणते खरगोश. बाई म्हणतात चूक. पोरीच्या हिशेबाने त्या चित्राखाली 'ख' पाहिजे आणि तिचा हिशेब पक्का आहे. चित्राचं नाव घे, पहिला आवाज ऐक, तो आवाज म्हणजे हे अक्षर, हेच तर तिला शिकवलं होतं. तिने तेच केलं. उंदराला ती चूहा म्हणते, तिथे 'उ' असतो. वडाला ती बड म्हणते, तिथे 'व' असतो. बदक आणि बतख, हरीण आणि हिरन, मासा आणि मछली, लसूण आणि लहसुन ही मात्र बरोबर जुळतात. ज्या बाईंना हे ठाऊक असेल त्या पहिल्या महिन्यात बतख, हिरन, मछली, लहसुन घेऊन चार अक्षरं सहज पक्की करतील. ज्यांना ठाऊक नाही त्या पोरीला गप्प करतील. दिवाळीपर्यंत पोरगी तोंड उघडणं बंद करते आणि मग हजेरीपटाशेजारी शेरा पडतो: मूल अबोल आहे.

पुढे 'ळ' आणि 'ण'. हे दोन आवाज दखनीत नाहीत. फळाला पोर फल म्हणतं, पाण्याला पानी. शिक्षक म्हणतात, नीट बोल. आता नीट बोलणं आणि वाचता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'पाणी' हा लिहिलेला शब्द बघून ज्या पोराने 'पानी' म्हटलं आणि ग्लासाकडे बोट दाखवलं, त्याला वाचता आलं. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलालाही प्रमाण मराठीचा हा मार बसतो, तो काही आपल्या एकट्याच्या वाट्याचा नाही. पण अहिराणीला निदान मराठीची बोली म्हणून घरात जागा आहे. दखनीला उर्दूवाले बिघडलेली उर्दू म्हणतात आणि मराठीवाले बिघडलेली हिंदी. तिला कुणी भाषा म्हणतच नाही, म्हणून तिच्यातून शिकवावं असंही कुणाच्या डोक्यात येत नाही. आणि ही तीच बोली, जिच्यात काही शतकांपूर्वी विजापूर-गोवळकोंड्याचे सुलतान कविता करत होते.

आता उर्दू शाळा. इथे तरी सोपं असेल असं वाटतं, आणि ते निम्मं खरं आहे. शब्द ओळखीचे असतात. अडचण लिपीत आहे. उर्दू अक्षर शब्दाच्या सुरुवातीला एक रूप घेतं, मध्ये दुसरं, शेवटी तिसरं. 'स' साठी सीन, स्वाद आणि से. 'ज'च्या एकाच आवाजासाठी चार-चार अक्षरं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे जबर, जेर, पेश छापलेले नसतात. सुरुवातीच्या शब्दांवर एराब देतात, मग ते गायब होतात, आणि पोराने अंदाजाने स्वर भरायचा. स्वर अंदाजाने भरायला शब्द आधी कानावरून गेलेला असावा लागतो. घरात गोष्टीचं पुस्तक नाही, कुणी वाचून दाखवत नाही, मग अंदाज येणार कुठून? शिक्षक धडा म्हणतात, पोरं मागून म्हणतात. चार दिवसांनी सगळ्यांना धडा पाठ. पुस्तक उलटं धरून धडा म्हणणारी पोरं मी पाहिली आहेत. बोट एका शब्दावर, तोंड तिसऱ्या शब्दावर. तपासणीला आलेले साहेब खूश होऊन जातात.

हेच पोर मकतबात काय करतं ते बघा. नूरानी कायदा घ्या किंवा यस्सर्नल कुरआन. आधी सुटी अक्षरं. मग जोडलेली. मग एकेक हरकत: बे जबर ब, बे जेर बि, बे पेश बु. मग सुकून, मग तशदीद. एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची पाटी उघडत नाही. प्रत्येक पोराचा सबक वेगळा. कालचा कच्चा असेल तर आज तोच. हिज्जे म्हणजे दुसरं काय, बाराखडीच. ज्या मुलाला शाळेत मठ्ठ म्हणतात ते वर्षाभरात न अडखळता अरबी उच्चार करायला लागतं. म्हणजे डोकं जागेवर आहे, कान जागेवर आहे, डोळा जागेवर आहे. मग शाळेत काय बिनसतं?

मौलवीसाहेबांची स्तुती करून थांबता येत नाही, कारण कायद्याची शिकवणी अर्धीच शिकवणी आहे. तिथे पोर जे वाचतं त्याचा अर्थ त्याला कळत नाही, आणि कळावा अशी अपेक्षाही त्या वयात कुणी ठेवत नाही. तिलावत म्हणून ते ठीक आहे, त्याचा हेतूच वेगळा. पण वाचन म्हणजे तोंडाने आवाज काढणं, ही समजूत घेऊन पोर शाळेत येतं आणि शाळा ती दुरुस्त करत नाही, उलट पक्की करते. धड्यात शेळी कुठे गेली, असं विचारलं की पोर धडा पहिल्यापासून म्हणायला लागतं. मकतबाकडे क्रम आहे, अर्थ नाही. आपल्या शाळांकडे अर्थ असायला हवा होता, तो नाही आणि क्रमही नाही. मोहल्ल्यात ही दोन्ही माणसं शंभर पावलांवर राहतात आणि एकमेकांशी पोराबद्दल कधी बोलत नाहीत. मास्तरांना मकतब मागास वाटतो, मौलवीसाहेबांना शाळा दुनियादारी वाटते.

गणिताचं वेगळं सांगते. छब्बीस म्हणा की सव्वीस, पोराला आधी सहा ऐकू येतो, मग वीस. ते पाटीवर लिहितं ६२. एकोणसाठ किंवा उनसठ, ऐकू येतं साठ, लिहितं ६९. उर्दूत उनासी म्हणजे ७९ आणि नवासी म्हणजे ८९. दहाचा फरक, आणि कानाला अर्ध्या अक्षराचा. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' असं वाचन आणलं तेव्हा महाराष्ट्राने केवढी थट्टा केली, विधानसभेपर्यंत. गणित समितीच्या अध्यक्ष, दिवंगत मंगला नारळीकर बाई शांतपणे सांगत होत्या की जोडाक्षरांचे हे शब्द मुलांना जड जातात आणि दक्षिणेकडच्या भाषांत दशक आधी बोलतात. पहिलीच्या पोराला सव्वीस लिहायला बसवून पाहिलेल्या माणसाला त्यात हसण्यासारखं काही सापडणार नाही. मी चटईवर 'बीस और छे' असंच सुरू करते. दहाच्या काड्यांचे गठ्ठे, वर सुट्या काड्या. छब्बीस नंतर येतो, आणि आपसूक येतो.

याच्या उलट बाजूला बाजार आहे. मंडईत बापाच्या हातगाडीवर बसणारं दुसरी-तिसरीचं पोर. केळी तीस रुपये डझन, गिऱ्हाइकाने अर्धा डझन घेतली, पन्नासची नोट दिली. पोर नोट खिशात जाण्याआधी पस्तीस रुपये काढून देतं. त्याच पोराला पाटीवर ५० वजा १५ लिहून द्या. ते लिहितं ४५. शून्यातून पाच जात नाहीत म्हणून त्याने पाचातून शून्य काढला. २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारातल्या मुलांवर हेच दाखवलं: तोंडी व्यवहार चोख, शाळेतल्या कागदावर तीच मुलं अडतात. आणि शाळेत शिकणारी मुलं बाजारातल्या हिशेबात अडतात. म्हणजे दोन्ही शाळा निम्म्या. आपली पोरं गॅरेजात, टपरीवर, बांगडीच्या दुकानात, फळाच्या गाडीवर मोठी होतात. हा हिशेब त्यांच्या हातात आहे. पहिलीच्या गणिताने तिथून सुरुवात केली असती तर 'गणित आपल्याला जमत नाही' हे वाक्य आपल्या घरांत इतकं सहज कुणी बोललं नसतं.

आता मोठ्या आकड्यांकडे. 'असर' या पाहणीत २०२४ मध्ये ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी जेमतेम २७ टक्के मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. २०२२ मध्ये, कोविडनंतर, ते प्रमाण २० टक्क्यांवर होतं. हातच्याची वजाबाकी तिघांपैकी एकाला. ही पाहणी शाळेत नाही, घरी जाऊन मुलाला एकटं बसवून करतात, म्हणून तिच्यात पाठांतर चालत नाही. ती सुरू करणाऱ्या 'प्रथम'च्या दोन संस्थापकांपैकी एक फरीदा लांबे आहेत. आपल्या पोरींना त्यांचं नाव माहीत नसतं. जुलै २०२१ मध्ये केंद्राने 'निपुण भारत' जाहीर केलं: २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, मूलभूत गणित यावं. पहिलीच्या शेवटी काय यायला हवं तेही त्यात लिहिलं आहे. चार-पाच सोप्या शब्दांची, आधी न पाहिलेली वाक्यं वाचणं, आणि ९९ पर्यंतच्या संख्या, साध्या बेरजा-वजाबाक्या. एवढंच. आकाशातला चंद्र मागितलेला नाही.

परभणीला आपल्यासाठी आधीही योजना आल्या आहेत. सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ चा. त्यानंतर केंद्राने देशातले ९० अल्पसंख्याकबहुल जिल्हे निवडले, त्यात महाराष्ट्राचे चार: परभणी, हिंगोली, वाशिम, बुलढाणा. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या जिल्ह्यात १८ लाख ३६ हजार माणसं, त्यांत साधारण सहामागे एक मुसलमान. निधी आला, वर्गखोल्या झाल्या, अंगणवाड्या झाल्या, कोनशिला बसल्या. खोलीचं उद्घाटन होतं, फोटो निघतो. पोराला 'बतख' वाचता येण्याचं उद्घाटन होत नाही, म्हणून ते कुणाच्या अजेंड्यावर नाही.

सरकारला शिव्या देणं सोपं आहे आणि देण्यासारखं पुष्कळ आहे. रिकामी पदं, एका मास्तराकडे दोन-दोन वर्ग, मतदार याद्यांपासून पोषण आहाराच्या माहितीपर्यंत सगळं त्याच्याच मोबाइलवर. जिंतूर, गंगाखेड, पालमच्या गावांतून दिवाळीनंतर ऊसतोडीला गाड्या निघतात आणि पहिलीचं पोर आईबापाबरोबर फडावर जातं, ते परत येतं तेव्हा वर्ग बाराखडी संपवून पुढे गेलेला असतो. हे सगळं खरं. पण हा लेख तुम्ही वाचता आहात म्हणून तुमच्याशी, आपल्याशी भांडते.

पहिलं भांडण आपल्या संस्थाचालकांशी. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमती प्रकरणात अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना त्यातून वगळलं. १ सप्टेंबर २०२५ ला त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी, महाराष्ट्रातल्याच अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्टच्या प्रकरणात, नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही टीईटी बंधनकारक ठरवली आणि अल्पसंख्याक शाळांना ती लागू करायची का हा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे पाठवला. तेव्हापासून आपल्याकडे कुजबुज चालू आहे की राज्यघटनेच्या कलम ३० वर घाला येतोय. कलम ३० मला प्रिय आहे. आपल्या संस्था आपण चालवायच्या हा हक्क कुणी हिरावू नये. पण त्या हक्काचा वापर करून आपण काय मागतो आहोत ते एकदा स्वच्छ शब्दांत बोला: आमच्या पोरांना पात्रता परीक्षा न दिलेला शिक्षक असू द्या. टीईटी पास म्हणजे चांगला शिक्षक असं मी म्हणत नाही, तिच्यात उणिवा ढीगभर आहेत आणि वीस वर्षं चांगलं शिकवणाऱ्या बाईंना पन्नाशीत परीक्षेला बसवणं क्रूर आहे. तर मग संस्थांनी पुढे यावं आणि सांगावं की टीईटी नको, आम्ही पहिलीच्या शिक्षकाची याहून कडक पारख करतो. करतात? शिक्षकाची जागा किती लाखांना गेली हे मोहल्ल्यात चहाच्या टपरीवर कळतं. मला स्वतःला एका संस्थेत मुलाखतीला बोलावलं, बाराखडीबद्दल एक प्रश्न विचारला नाही, 'घरून किती जमेल' एवढंच विचारलं. मी उठून आले. पैसे देऊन लागलेला शिक्षक पहिलीला कुणी देत नाही, असं वाटतं तुम्हाला? पहिलीलाच देतात. दहावीचा निकाल पेपरात येतो, पहिलीचा येत नाही.

दुसरं भांडण शिकलेल्या दोस्तांशी. तुमच्यातले अर्धे म्हणतील, उर्दू शाळा बंद करा, मराठीतून शिकवा. अर्धे म्हणतील, उर्दू ही तहजीब आहे, तिला हात लावू नका. ही लढाई हमीद दलवाईंच्या काळापासून, १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघालं तेव्हापासून चालू आहे. मराठवाड्यात तर तिची मुळं त्याहून खोल. निजामाच्या राज्यात वरचं शिक्षण उर्दूतून होतं, १९१८ मध्ये निघालेलं उस्मानिया विद्यापीठ उर्दूचं, आणि मराठी घरातलं पोर परक्या भाषेत अडखळत होतं. मातृभाषेतून शिकू द्या, अशी मागणी तेव्हा इथल्या मराठी माणसाने केली आणि ती रास्त होती. १९४८ नंतर पाटी फिरली आणि परक्या भाषेत अडखळायची पाळी दखनी बोलणाऱ्या पोरावर आली. जो न्याय तेव्हाच्या मराठी पोराला हवा होता, तोच आज मी मागते. मोठ्या वयात कोणत्या भाषेतून शिकायचं यावर आपण खुशाल भांडू, माझं मत मराठीच्या बाजूला झुकतं, कारण परभणीत तहसील, दवाखाना, कोर्ट, बाजार सगळं मराठीत चालतं. पण पहिलीचे पहिले काही महिने वर्गात पोराच्या घरची बोली चालली पाहिजे, पाटीवरची लिपी कोणतीही असो. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ सुद्धा शक्य तितकं मातृभाषेतून शिकवा असंच सांगतं, आणि २०२० चं शैक्षणिक धोरणही. त्यासाठी दखनीत पुस्तकं छापायची गरज नाही. शिक्षकाला सत्तर-ऐंशी शब्दांची यादी आणि 'खरगोश'ला चूक न म्हणण्याचं शहाणपण पुरतं.

आणि तिसरा पळवाटेचा रस्ता, 'इंग्लिश स्कूल'. रिक्षा चालवणारा बाप महिन्याला फी भरतो, टाय विकत घेतो. पोरगी घरी येऊन 'ए फॉर ॲपल' म्हणते, आई खूश. तिला 'ॲप्ट' दाखवा, वाचत नाही, कारण ती ॲपल चित्रावरून म्हणते. शिकवणाऱ्या ताई बारावी झालेल्या, त्यांनाही इंग्रजीत दोन वाक्यं जड. आईला पोरीच्या वहीत काय लिहिलंय कळत नाही, म्हणून काही येत नाही हेही कळत नाही. गरिबाने इंग्रजी मागू नये असं मी म्हणत नाही, ते श्रीमंतांचं ढोंग आहे, त्यांची पोरं तर इंग्रजीतच असतात. पण जिला एकाही भाषेत वाचता येत नाही तिला इंग्रजीत वाचता येईल, हे गणित मला कुणी समजावून सांगावं.

आरक्षणाचंही बोलते, कारण माझ्यावर विषय बदलल्याचा आरोप येणार. जुलै २०१४ मध्ये राज्याने मुसलमानांतल्या मागास समूहांना शिक्षण आणि नोकऱ्यांत पाच टक्के देणारा अध्यादेश काढला. नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतलं थांबवलं, शिक्षणातलं राहू दिलं. पुढच्या सरकारने तेही मरू दिलं. ती मागणी न्याय्य आहे आणि मी त्या मोर्चात चाललेली आहे. पण कॉलेजच्या दारातले पाच टक्के मिळाले तरी दारापर्यंत पोहोचणार कोण? सातवी-आठवीत शाळा सुटलेल्या पोरांना विचारा, शाळा का सोडली. 'मन नै लगता था.' ज्याला फळ्यावरचं वाचताच येत नाही त्याचं मन सहा तास कसं लागेल? तो पहिलीतच सुटला होता, हजेरीवर नाव सात वर्षं चालू राहिलं एवढंच. आणि मदरशांमुळे आपण मागे पडलो, असं म्हणणाऱ्या टीव्हीवाल्यांनी सच्चर अहवाल उघडावा: शिकणाऱ्या मुस्लिम मुलांपैकी पूर्णवेळ मदरशात जाणारी तीन-चार टक्केच. बाकीची याच शाळांत आहेत, याच पहिलीत.

दर जानेवारीत आपण फातिमाबींची पोस्टर्स फिरवतो. सावित्रीबाईंच्या १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात फातिमाचं नाव आहे, यावरून समाजमाध्यमांवर आपण रात्र-रात्र भांडलो, पुरावे टाकले. चांगलं केलं. पण ती बाई, जेवढं कळतं त्यावरून, वर्गात उभी राहून पोरींना अक्षर ओळखायला शिकवत होती. तिच्या नावाने स्टेटस ठेवणाऱ्या किती जणांनी या वर्षी एका पहिलीच्या वर्गात पाऊल टाकलं?

काय करायचं, तर कायद्यातच आहे. कलम २१ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला. जिल्हा परिषदेची उर्दू शाळा अल्पसंख्याक संस्थेची नसते, सरकारची असते. तिला हा कायदा पूर्ण लागू आहे. समितीच्या बैठका कागदावर होतात, सह्या घरी येऊन घेतात. आपल्या खाला, आपा, भाभी त्या समितीत सदस्य आहेत आणि त्यांना ते ठाऊकही नाही. त्यांना सांगा. कलम २७ काढून दाखवा, जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला इतर कामाला लावता येत नाही, हे गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी विचारा. मौलवीसाहेब आणि पहिलीच्या बाई, दोघांना एका चटईवर बसवा, एकाने क्रम सांगावा, दुसऱ्याने अर्थ. जुम्याच्या बयानात पाच मिनिटं यासाठी मागून घ्या.

आणि पोराची परीक्षा स्वतः घ्या, साहेबांच्या भरवशावर राहू नका. शाळेत जाल तेव्हा त्यांचं पुस्तक उघडू नका, ते पाठ असतं. घरून चार ओळी लिहून न्या, ज्या भाषेतून ते शिकतं त्या भाषेत, शब्द त्याच्या गल्लीतले. हातगाडी, बतख, पानी, नानी. ते ओळ वाचेल, मग विचारा, नानीने बतखला काय दिलं? उत्तर आलं तर बाईंचे आभार मानून या. नाही आलं तर तारीख लिहून ठेवा आणि दोन महिन्यांनी त्याच पोराकडे नव्या चार ओळी घेऊन पुन्हा जा.